होकार देण्याआधी नोकरी पारखून घ्या: कोकणातल्या नवख्यांसाठी

कोकणात पहिली नोकरी बहुधा ओळखीने लागते. मुंबईचा काका, वाडीतला कोणी लोट्याच्या कारखान्यात सुपरवायझर, मालवणात रिसॉर्ट चालवणारे आतेचे दीर. कोणीतरी शब्द टाकतो, बोलावणं येतं आणि तिथून भीड सुरू होते. पगार नीट विचारायचा नाही, कामाचे तास विचारायचे नाहीत, कागद तर मागायचाच नाही. "अरे, ते आपले वळखीचे आसत, तेंका काय इचारतलंस?" असं घरातूनच ऐकवलं जातं. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि पहिल्या नोकरीत ते फार लवकर पटतं. दोन महिन्यांचा पगार अडकलेला असतो, बोलणी रोजची झालेली असतात आणि ज्याने ओळख लावली त्याला वाईट वाटेल म्हणून सोडताही येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: ओळखीची नोकरी असो की जाहिरात बघून मिळालेली, होकार देण्याआधी प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बहुतेक वाईट जागा आधीच ओळखू येतात. फक्त कुठे बघायचं आणि काय विचारायचं ते माहीत हवं.

आधी एक फरक मनात पक्का करा. कष्टाची जागा आणि वाईट जागा या वेगळ्या गोष्टी आहेत. एप्रिल-मे महिन्यात आंब्याच्या कॅनिंगला, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तारकर्ली-गणपतीपुळ्याच्या हॉटेलांत, बोटी लागल्यावर मासळीच्या कारखान्यात काम अंगावर येतंच. तेवढ्यावरून ती जागा वाईट ठरत नाही. जादा कामाचे पैसे मिळत नाहीत, चूक कोणाचीही असली तरी ओरडा सगळ्यात खालच्या माणसाला बसतो, पगाराची तारीख मालकाच्या मर्जीवर असते आणि सोडून जाणाऱ्याला कागदांसाठी अडवून धरतात, ती जागा वाईट.

पहिली पायरी: घरात बसून तपासणी

मोबाईलवर तासाभरात होणारं हे काम आहे, आणि तरी फार थोडी मुलं ते करतात.

भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, म्हणजे ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. कंपनीचं नाव टाकलं की तिने कोणत्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि तो किती कर्मचाऱ्यांसाठी भरला, हे दिसतं. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ लागू होतो. मुलाखतीत "आमच्याकडे दीडशे माणसं आहेत" असं सांगितलं आणि पीएफ फक्त बावीस जणांचा भरला जात असेल, तर उरलेली माणसं कोणाच्या पटावर आहेत हे विचारायलाच हवं. भरणा दर वेळी दोन-तीन महिने उशिरा होत असेल, तर पगाराचंही तसंच असण्याची शक्यता मोठी. माणसांचा आकडा वर्षभरात सारखा घसरत गेला असेल तर लोक सोडून का जातात ते शोधा. हंगामी धंद्यात पावसाळ्यात आकडा उतरतो, तेवढी सूट द्या.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची स्थापना कधीची, संचालक कोण, कंपनी चालू आहे की नोंदणीतून काढून टाकलेली, हे कळतं. जीएसटी क्रमांक मिळाला तर विवरणपत्रं वेळेवर भरली जातात का तेही बघता येतं. इंटरनेटवरचे तारे आणि कौतुकाचे अभिप्राय मी फारसे धरत नाही. एकाच आठवड्यात, एकाच साच्यातले दहा अभिप्राय दिसले तर ते ऑफिसमधूनच लिहून घेतलेले असू शकतात. वाईट अभिप्रायांत मात्र एकच तक्रार वेगवेगळ्या वर्षांत पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती गंभीरपणे घ्या.

दुसरी पायरी: माणसांना विचारा, पण नेमकं विचारा

कोकणात हे सगळ्यात सोपं आहे. चिपळूणच्या कुठल्याही वाडीत लोटे किंवा खडपोलीला कामाला गेलेला कोणीतरी सापडतो. सावंतवाडी-बांद्याकडे तर घरटी कोणी ना कोणी गोव्यात कामाला असतो. तरी आपण विचारतो काय? "कंपनी कशी आहे?" आणि उत्तर येतं, "बरी आहे." यातून काहीच हाती लागत नाही.

मत विचारू नका, घडलेलं विचारा. गेल्या तीन महिन्यांत पगार कोणत्या तारखेला झाला? शेवटची रजा मागितली तेव्हा काय उत्तर मिळालं? तुमच्या आधी या जागेवर कोण होतं, ते का गेले? साहेब चिडले की काय करतात? नोकरी सोडलेल्यांचा शेवटचा हिशेब किती दिवसांत मिळाला? तारीख आणि प्रसंग विचारला की माणूस खरं सांगतो, कारण त्याला कोणाबद्दल वाईट बोलल्यासारखं वाटत नाही.

शक्य असेल तर सोडून गेलेल्या दोघा-तिघांशी बोला. एकाच्या बोलण्यात राग असू शकतो. तिघं एकमेकांना न ओळखता तीच गोष्ट सांगत असतील तर मग ती धरून चाला.

ज्याने ओळख लावली त्याच्याबद्दलही थोडं. तो बहुतेक वेळा चांगल्या मनानेच सांगत असतो, पण त्याला मालक माहीत असतो. मालकाच्या हाताखाली काम करणं कसं असतं ते माहीत असेलच असं नाही. त्याला आदराने सांगा, "काका, तुम्ही शब्द टाकलात, उपकार झाले. मी जरा कामाचं स्वरूप समजून घेतो आणि मग कळवतो." समजूतदार माणूस यावर रागावत नाही.

तिसरी पायरी: जागा डोळ्यांनी बघा

फोनवरच्या मुलाखतीवर नोकरी धरून, सामान बांधून थेट हजर होणं टाळा. मुंबईची नोकरी असेल तर तुतारी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून जावं लागलं तरी जा. त्या तिकिटाचे पैसे वाया जात नाहीत.

कारखाना असेल तर पाळी सुटायच्या वेळी गेटवर थांबा. बऱ्याच ठिकाणी दुपारी तीनला पहिली पाळी सुटते. समोरच्या टपरीवर चहा घेत माणसं बाहेर येताना बघा, एखाद्याशी बोला. पहिला प्रश्न हा: बदली माणूस आला नाही तर डबल ड्युटी सक्तीने करावी लागते का, आणि त्या तासांचे पैसे मिळतात का? कायद्याने जादा तासांना दुप्पट दर आहे. "ओटी नाही, त्याऐवजी कधीतरी सुट्टी देतात" असं सगळेच म्हणू लागले तर काय ते समजून घ्या.

लोटे, महाड, रोहा-धाटाव या पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांसाठी मी सुरक्षेला पगाराच्याही वर ठेवतो. नोव्हेंबर 2023 मध्ये महाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले, हे आपल्या भागातल्या घरांनी सोसलेलं दुःख आहे. म्हणून विचारा: पहिल्या दिवशी प्रशिक्षण किती तासांचं? मास्क, हातमोजे, बूट कंपनी देते की पगारातून कापते? मास्कचं फिल्टर किती दिवसांनी बदलतात? कारखान्यात अॅम्ब्युलन्स उभी असते का? ठेकेदाराच्या माणसांना तीच साधनं मिळतात का, जी कायम कामगारांना मिळतात? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून व्यवस्थापन माणसाकडे कसं बघतं ते कळतं. "काही होत नाही रे, आम्ही इतकी वर्षं आहोत" असं उत्तर सुपरवायझरकडून आलं तर ती नोकरी मी माझ्या घरच्या मुलाला घेऊ देणार नाही.

हॉटेल-रिसॉर्टची नोकरी असेल, मालवण, गणपतीपुळे, गुहागर, दापोली कुठेही, तर "राहणं-खाणं धरून" पगार सांगतात. ते राहणं बघितल्याशिवाय हो म्हणू नका. पाहुण्यांच्या खोल्या दाखवतील. तुम्ही स्टाफ रूम दाखवा म्हणा. एका खोलीत किती जण झोपतात, संडास-बाथरूम किती, मुलींच्या खोलीला आतून नीट कडी आहे का, पावसात छत गळतं का, जेवण पाहुण्यांचं उरलेलं की वेगळं शिजवलेलं. स्टाफ रूम दाखवायला टाळाटाळ झाली तर तेवढं पुरे. खोली साधी असेल पण स्वच्छ असेल, आणि तिथली पोरं मोकळेपणी बोलत असतील, तर तो मालक बहुधा बरा असतो.

आणि किनारपट्टीवरचा खास प्रश्न: पावसाळ्यात काय? यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, वॉटर स्पोर्ट्स पावसाळाभर बंद राहतात, रिसॉर्ट रिकामी पडतात. त्या महिन्यांत पूर्ण पगार, अर्धा पगार की बिनपगारी घरी? बिनपगारी असेल तर आक्षेप नाही, धंदाच तसा आहे. पण ते आज सांगितलं गेलं पाहिजे, जूनच्या पहिल्या तारखेला कळता कामा नये.

गोव्यात रोज ये-जा करायची असेल तर कंपनीची बस कुठपर्यंत येते आणि रात्रपाळी सुटल्यावरही असते का, ते विचारा. बारा तास उभं राहून नंतर मुंबई-गोवा महामार्गावर बाईकने घरी परतणं हा कामाच्या जागेचाच भाग धरायचा.

चौथी पायरी: मुलाखतीत ते तुम्हाला बघतात, तुम्हीही त्यांना बघा

अकराची वेळ देऊन दोन वाजता बोलावलं, हे कुठेही होऊ शकतं. उशीर झाल्याचं कोणी सांगितलं का, पाणी विचारलं का, हे बघा. तुमच्यासमोर साहेब शिपायाशी, रिसेप्शनवरच्या मुलीशी कसे बोलतात ते लक्ष देऊन ऐका. तुमच्याशी ते आज गोडच बोलतील. तीन महिन्यांनी तुमच्याशी तसं बोलतील जसं आज शिपायाशी बोलतात.

"आमच्याकडे सगळे घरच्यासारखे आहेत" हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न तयार ठेवा: "साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते?" घरच्यासारखं असूनही सुट्टीचा वार ठरलेला असेल तर छान. "तसं काही ठरलेलं नाही, कामाप्रमाणे बघतो" असं असेल तर रविवार तुमचा राहणार नाही. कामाचं स्वरूप विचारल्यावर "सगळंच बघावं लागेल" एवढंच उत्तर आलं तर पहिल्या महिन्यात नेमकी कोणती तीन कामं माझ्याकडे असतील, असं विचारा. त्यांनाच माहीत नसेल तर उद्या कुठल्याही कामासाठी तुम्हाला जबाबदार धरतील.

माझा आवडता प्रश्न मात्र हा: "गणपतीत रजा कशी देता?" कोकणातल्या माणसाने हा प्रश्न विचारला तर कोणालाही वावगं वाटत नाही, आणि उत्तरातून कारभार दिसतो. चांगल्या जागी सांगतात, अर्धे दीड दिवसाला जातात, अर्धे गौरी-विसर्जनाला, गेल्या वर्षी जे थांबले ते या वर्षी आधी. किंवा सरळ सांगतात की आमचा तो सीझन असतो, रजा मिळणार नाही, पण नंतर बदली रजा देतो. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत. "बघू तेव्हा" म्हणून हसले, किंवा "आत्तापासून रजेच्या गोष्टी?" म्हणून टोमणा मारला, तर वर्षभर प्रत्येक रजेसाठी तुम्हाला हात जोडावे लागतील.

मुलींना अजूनही विचारतात: लग्न कधी, सासरचे परवानगी देतील का, मूल लगेच नको ना. असे प्रश्न आले तर शांतपणे "याचा कामाशी काय संबंध?" असं विचारायला हरकत नाही. त्यावर मालकाचा चेहरा कसा होतो ते लक्षात ठेवा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. समितीत कोण आहे, हे विचारा. नावं झटकन सांगितली तर समिती खरी आहे. रात्री साडेनऊनंतर काम असेल तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे तुमची संमती लागते, आणि संरक्षणाची व घरी सोडण्याची सोय मालकाने करायची असते. शेवटचा एक निकष: तिथे पाच-सात वर्षं टिकलेल्या बायका आहेत का? असतील तर त्यांच्यापैकी एकीशी दोन मिनिटं एकटीने बोलून घ्या.

पाचवी पायरी: पगार कागदावर मांडून घ्या

वार्षिक 3 लाखांची ऑफर म्हणजे महिना 25,000 हातात, असं घरी सांगू नका. समजा त्या 25,000 मध्ये मालकाच्या वाट्याचा पीएफ 1,500, ग्रॅच्युइटीपोटी (ठरावीक वर्षं नोकरी केल्यावर सोडताना मिळणारी रक्कम) 600 आणि वर्षाअखेरीला "कामगिरी बघून" मिळणारे 2,000 धरलेले आहेत. उरले 20,900. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 1,500 आणि व्यवसाय कर 200 गेला की 19,200. ईएसआय (कामगार विमा) लागू असेल तर आणखी थोडे कमी. यात फसवणूक नाही, अशी मांडणी सगळीकडे असते. ती मांडणी समजावून द्यायला जो तयार नाही, त्याच्यापासून मात्र सावध राहा.

काही ठिकाणी सांगतात, खात्यात पूर्ण पगार जमा होईल, त्यातले इतके रोख परत आणून द्यायचे. ही नोकरी घेऊ नका. कारण कितीही सभ्य असलं तरी नको. अनामत रक्कम, "प्रशिक्षण फी", गणवेशाचे आगाऊ हजारो रुपये, यांनाही तेच उत्तर. जहाजावर लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटांनी आपल्या किनाऱ्यावरची किती तरी घरं कर्जात घातली आहेत. खलाशाकडून भरतीसाठी पैसे घेता येत नाहीत, आणि खलाशी भरतीचा सरकारी परवाना (आरपीएसएल) असलेल्या कंपन्यांची यादी डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर असते. यादीत नाव नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

आणि विचारा: मी कोणाच्या पटावर असेन, कंपनीच्या की ठेकेदाराच्या? ठेकेदाराच्या असेन तर त्याचं नाव, पीएफ कोण भरतो, आणि किती महिन्यांनी ब्रेक देतात, म्हणजे काही दिवस कामावरून कमी करून पुन्हा घेतात?

सहावी पायरी: नियुक्तीपत्र वाचा, मग सही

21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि कामगाराला नियुक्तीपत्र देणं ही मालकाची जबाबदारी आहे. तेव्हा "रुजू व्हा, लेटर नंतर देऊ" याला होकार नको. पत्रात पद, कामाची जागा, पगाराचे भाग, प्रोबेशन किती, नोटीस पिरियड दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, हे बघा. तुम्ही सोडताना तीन महिने आणि त्यांनी काढताना एक आठवडा, अशी अट असेल तर बोला. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत, आणि नोकरी सुटल्यावर शेवटची मजुरी दोन कामाच्या दिवसांत, असं वेतन संहितेत आहे.

बॉण्डबद्दल मुलांना एकमेकांकडून ऐकलेलं असतं, "कोर्टात टिकत नाही रे." यावर विसंबू नका. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायला बंदी घालणारा करार 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 मुळे सहसा टिकत नाही, हे खरं. पण ठरावीक वर्षं काम करा, नाहीतर रक्कम भरा, ही अट वेगळी. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. म्हणून रक्कम आणि मुदत बघा, आणि त्या बदल्यात खरंच काही शिकवणार आहेत का ते विचारा.

मूळ प्रमाणपत्रं कोणाकडे ठेवायला देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा, समोरच परत घ्या. दहावी-बारावीच्या मार्कशीट अडकवून ठेवणं हे माणूस अडकवून ठेवण्याचं सगळ्यात जुनं साधन आहे.

"आजच्या आज सांगा, नाहीतर दुसऱ्याला देतो" असं म्हणाले तर दोन दिवस मागा. सीझनच्या तोंडावर त्यांना खरोखर घाई असू शकते, पण दोन दिवस देणं कोणालाही जमतं.

नाही म्हणायचं असेल तर, आणि नाइलाज असेल तर

नकार थोडक्यात आणि लेखी द्या. कारणांची यादी नको, वाद नको. असं चालेल: "नमस्कार साहेब, आपण संधी दिलीत त्याबद्दल आभारी आहे. विचार करून मी या पदासाठी रुजू न होण्याचं ठरवलं आहे. आपला वेळ घेतला, त्याबद्दल क्षमस्व." ज्याने ओळख लावली त्याला मात्र फोन करा, आणि मालकाला कळवण्याआधी करा.

घरची परिस्थिती अशी असते की खुणा दिसूनही नोकरी घ्यावी लागते. त्यात कमीपणा नाही. मग पहिल्या दिवसापासून कागद जपा: नियुक्तीपत्र, प्रत्येक महिन्याची पगार पावती, हजेरीचे फोटो, कामाचे मेसेज. पीएफचा यूएएन क्रमांक मागून घ्या आणि दर दोन महिन्यांनी पीएफच्या पासबुकात भरणा दिसतो का ते बघा. दिसला नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर नोंद करता येते. पगार थकला तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. स्त्रियांना आणि कामगारांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. जाताना नियुक्तीपत्राची आणि पगार पावत्यांची एकेक झेरॉक्स बरोबर ठेवा.